हिरव्या चक्कीतला गहू

शैलाने पिठाचा डबा ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "अप्पा, हे दळायच्या आधी हिरव्या चक्कीत काय दळलं होतं?"

हा प्रश्न गिरणीत दिवसातून पन्नास वेळा येतो. आधी बाजरी गेली असेल तर गहूवाली बाई थांबते, हरभऱ्याची डाळ गेली असेल तर आणखी कुणी थांबतं. उत्तर द्यायला मी मान वर करत नाही. त्या दिवशीही केली नाही. मोठ्या चक्कीवर कुणाचं तरी दळण चालू होतं आणि पीठ किती बारीक पडतंय ते बघायला माझा हात धारेखाली होता.

"ज्वारीच," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"त्यात दुसरं काही जातं का कधी?"

ती तरी हलली नाही म्हणून मी वर बघितलं. तिच्या शेजारी तिची मुलगी उभी होती. कार्तिकी, आठ वर्षांची. शाळेचा स्वेटर तिला दिवाळीत बसत होता, आता खांद्यावरून घसरत होता. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या. शैला माझ्याशी नाही, तिच्याशी बोलली.

"ऐकलंस अप्पा काय म्हणाले ते?"

मुलगी पायाच्या अंगठ्याने सांडलेलं पीठ गोळा करत राहिली. शैलाने डबा उचलला, मुलीचं मनगट धरलं आणि दोघी गेल्या. मी पुन्हा पिठाखाली हात धरला.

आमची गिरणी करमाळ्यात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. दोन चक्क्या. मोठी गव्हाची, आणि एक लहान. ती लहान चक्की वीस वर्षं पडेल ते काम करायची. डाळी, बाजरी, आणि गर्दी झाली की गहूसुद्धा. मग कार्तिकीचं दुखणं निघालं. पाच वर्षांची असताना तिचं पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे झाले होते. खाईल ते वाहून जायचं. अंगारे झाले, दृष्ट काढून झाली, शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला गहू चालत नाही. जन्मभर नाही आणि कणभर नाही. ज्वारी, तांदूळ काय ते द्या, पण ज्या दगडातून गहू गेलाय त्या दगडातून दळू नका.

शैलाचा नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. ती ब्लाउज शिवायची. घरात वेगळी घरघंटी घेणं तिला झेपणारं नव्हतं. हे सगळं ती गिरणीत येऊन माझ्या बायकोला सांगत होती आणि मी फळ्यांच्या आडोशामागे बाजेवर झोपलो होतो. मी उठलो तोवर निर्णय झाला होता.

माझ्या बायकोचं नाव महानंदा. सगळे नंदाक्का म्हणायचे. तिने लहान चक्कीचे दगड बदलून नवे बसवायला लावले. दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो घेऊन चक्कीच्या पोटावर चार बोटं रुंद पट्टा ओढला आणि रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवळात चपला आणि हिरवीत गहू, दोन्ही चालायचं नाही." तेव्हापासून ती हिरवी चक्की. तीन वर्षांत तिच्यात गव्हाचा दाणा गेला नाही. कार्तिकीला गालफडं आली, दात पडले, नवे आले, शेजारच्या पोरांशी मारामाऱ्या करण्याइतकी ती धडधाकट झाली.

आमची वाटणी अशी होती, की सकाळी मी आणि दुपारी नंदा. एक ते चार मी आडोशामागे झोपायचो. चार हातांवर दोन मोटरी घरघरत असताना हा माणूस झोपतो कसा, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटायचं. नंदा सांगायची, यांच्या कानाशी तोफ डागली तरी उठायचे नाहीत, पण दगड रिकामा फिरू दे, लगेच उठतात. ते खरं होतं. वरचे दाणे संपले की चक्कीचा आवाज पातळ होतो, चिरका होतो. दगडावर दगड घासतो. मी झोपेतूनच ओरडायचो, "अगं, रिकामा चाललाय." पलीकडून ती म्हणायची, "दिसतंय मला. झोपा." तीस वर्षं दुपारचं आमचं बोलणं एवढंच.

भाद्रपदात नंदा गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

त्यानंतर मला झोप राहिली नाही. अजिबात लागत नव्हती असं नाही. तासभर लागायची, कधी दीड तास, आणि मग कुणी तरी खांदा हलवल्यासारखं टक्क जागं व्हायचो. उठून कडी बघायचो. कडी लावलेली असायची. परत पडायचो, परत उठायचो, पाणी प्यायचो, कडी बघायचो. डाव्या कुशीवर छातीचे ठोके ऐकू यायचे म्हणून उजव्या कुशीवर, उजवीकडे तिची रिकामी जागा म्हणून उताणा. उताणं पडलं की आढं दिसायचं. उजाडेपर्यंत हेच. दुपारी गिरणी चालवायला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून एक ते चार शटर ओढून घ्यायचो, पण आडोशामागच्या बाजेवर जायचं मी सोडलं होतं. शटरला पाठ लावून ओट्यावर बसून राहायचो. चक्क्या बंद असल्या की गिरणी इतकी शांत होते हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिला महिना वाटलं, दुःख आहे, चालायचंच. मग डोकं दगा द्यायला लागलं. वजन करून झाल्यावर काट्याकडे बघितलं तर आकडा आठवायचा नाही. एकीचं दळण दुसरीच्या डब्यात भरलं. चहा करायला पातेलं ठेवून दुकानात यायचो आणि जळका वास आला की शेजाऱ्याला हाक मारायचो, बघ रे तुझ्याकडे काय जळतंय. रागही असा यायचा की माझा मलाच कळेना. एका म्हाताऱ्या बाईने पीठ जाड आलं म्हटलं, तर मी तिची पिशवी रस्त्यावर ठेवली. त्याच संध्याकाळी सुपात चार खडे निवडता निवडता रडायला लागलो. समोर गिऱ्हाईक होतं. ते बिचारं दळण ठेवून निघून गेलं.

मुलगा बसवराज पुण्यात असतो. त्याचा रोज फोन यायचा, गिरणी विका आणि इकडे या. मी उद्या बोलू म्हणायचो आणि तो कधी काय बोलला ते दुसऱ्या दिवशी लक्षात नसायचं.

मला भीती अशी वाटायला लागली की आपल्याला विसरण्याचा रोग झाला. माझ्या वडलांच्या भावाला झाला होता, तो शेवटी स्वतःच्या मुलाला पाव्हणं म्हणायचा. म्हणून पौषाच्या सुरुवातीला मी देशमाने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बरंच काही विचारलं, मग झोपेचं विचारलं. सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गिरणी रोज रात्री झाडता का?"

"झाडावीच लागते."

"चार महिने झाडली नाही तर?"

"कुणाचं पीठ कुणात जाईल ते सांगता येणार नाही."

"मग झालं तर. डोकं झाडायची वेळ झोपेत असते. तुमचं झाडलं गेलेलं नाही. रोग नाही हा, अजून तरी."

गोळ्या दिल्या. पहिल्या रात्री अर्धी घेतली. डोळ्यांवर जडपणा यायला लागला तसा मी घाबरून उठून बसलो आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. बाकीच्या गोळ्या देव्हाऱ्यातल्या तिच्या फोटोमागे ठेवल्या. का घाबरलो ते डॉक्टरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

शैला डबा घेऊन आली ती त्यानंतर महिन्याभराने. तो सोमवार होता.

बुधवारी सकाळी कदमकाकू आल्या. कदमकाकू माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मला पोरासारखं अरेतुरे करणाऱ्या, आणि पेठेतली बातमी त्यांच्या पदराखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही. डबा रांगेत लावून त्या पोत्यावर टेकल्या आणि त्यांनी शैलाच्या पोरीचं काढलं. पोरगी परत वाळली म्हणे. तीन आठवडे झाले पोट थांबत नाही. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, शुक्रवारी सोलापूरला नेणार आहेत, तोंडातून नळी घालून आत बघणार. आतड्याचं दुसरंच काही तरी असेल, मोठी औषधं लागतील, असं काही तरी.

"पण कारण सगळ्यांना माहीत आहे," काकू म्हणाल्या. "शाळेत पोरांच्या डब्यातली चपाती खाते चोरून. शैलाने किती विचारलं, कबूलच करत नाही. घरातलं पीठ तर चांगलं, तुझ्याकडचं. सोमवारी शैलाने तिला झाडूने फोडलं. खायचं ते खायचं आणि वर खोटं."

सोमवारी. मला त्या पोरीचा अंगठा आठवला, सांडलेलं पीठ गोळा करणारा. मोठ्या चक्कीवर दळण चालू होतं, त्यामागे अजून चार डबे होते. काकूंनी रांगेकडे बघितलं आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"मला थांबायला जमायचं नाही रे मन्मथ. सून माहेरी निघालीय. माझे गहू हिरवीत टाक, मागल्यासारखे."

"मागल्यासारखे म्हणजे?"

"म्हणजे मागल्यासारखे."

"काकू, हिरवीत गहू मी कधी टाकले?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग वाटलं नाही.

"संक्रांतीच्या आदल्या शनिवारी. गूळपोळीची कणीक हवी होती, मोठीचा पट्टा तुटला होता. लाईट जायची वेळ झाली म्हणून सगळ्या बायका ओरडत होत्या. तू माझा डबा घेतलास आणि हिरवीत ओतलास. मी म्हटलंसुद्धा, अरे ती हिरवी, नंदा असती तर हात मोडला असता तुझा."

"मग मी काय म्हणालो?"

"कोण बघतंय, म्हणालास."

मी तिथे उभा राहिलो आणि ते दोन शब्द माझ्या तोंडात कसे बसले असतील ते आठवायचा प्रयत्न केला. पट्टा तुटलेला आठवत होता. बायकांचा गलका आठवत होता. हिरवीत गहू ओततानाचा हातसुद्धा आठवत होता, पण ते या संक्रांतीचं की पंधरा वर्षांपूर्वीचं, जेव्हा लहान चक्कीला हिरवा पट्टाच नव्हता, ते काही केल्या ठरवता येईना. हात जुनं काम जुन्या पद्धतीने करून मोकळे झाले होते. डोकं तिथे नव्हतंच.

"एकदाच ना?" मी विचारलं.

"माझं दोनदा. परवाच्या शनिवारी पण. बाकीच्यांचं मला काय माहीत?"

मी मोठी चक्की बंद केली. रांगेतल्यांना सांगितलं दळणं ठेवून जा, संध्याकाळी या. काकू काही तरी पुटपुटत डबा घेऊन निघाल्या. मी शटर ओढलं. सकाळचे अकरा वाजले होते.

हिरवीचा वरचा दगड काढायला दोन माणसं लागतात. मी एकट्याने काढला, त्यात उजव्या हाताचं नख गेलं. दगडाच्या खाचांमध्ये पीठ दाबून बसलं होतं. ज्वारीचं पीठ पांढरं, गव्हाचं थोडं पिवळट, पण इतक्या थोड्या पिठात डोळ्याला फरक कळत नाही. म्हणून चाकूच्या टोकाने चिमूट चिमूट खरवडून तळहातावर घेतलं, दोन थेंब पाणी घातलं आणि मळलं. मग वाटीतल्या पाण्यात चोळून धुतलं. नुसती ज्वारी असती तर धुऊन गेली असती, हातात काही राहिलं नसतं. माझ्या बोटांत एक बारीक, राखाडी, रबरासारखी गोळी राहिली. दोन बोटांत धरून ओढली तर ती ताणली गेली.

शाळकरी वयात आम्ही कच्चे गहू चघळून असाच चिकट डिंक करायचो. ज्वारीचा तो कधी होत नाही.

ती गोळी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. खोटं कशाला सांगू, त्या वेळात मी सगळा विचार केला. काकूंनी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या, पण त्यांच्या डोक्यात त्या जुळल्या नव्हत्या. दगड आत्ता धुऊन काढला, पुढचं पीठ चांगलं दिलं, तर पोरगी पंधरा दिवसांत सुधारेल. कुणाला काही कळणार नाही. नंदाच्या चक्कीला बोल लागणार नाही. नळी घातली तर घातली, नळीने काही मरत नाही माणूस. असा सगळा विचार मी केला. पण त्या पोरीला खोटारडी ठरवलं ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द देताना मी मानसुद्धा वर केली नव्हती.

शैलाचं घर दोन गल्ल्या सोडून. गेलो तेव्हा शिलाई मशीन चालू होतं. कार्तिकी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर वही होती, पण ती लिहीत नव्हती. तिच्या पोटरीवर दोन वळ दिसत होते, निळे पडलेले. मला बघून शैलाने मशीन थांबवलं आणि बसा म्हणाली. मी बसलो नाही.

"शैला, सोमवारी मी तुला ज्वारी सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. मी बघितलं आज. हिरवीत गहू दळला गेलाय. मीच दळला. एकदा नाही, जास्त वेळा."

ती उठली नाही. तिने सुई खाली होती ती हाताने चाक फिरवून वर घेतली आणि कापड बाजूला काढलं.

"कुणी सांगितलं?"

"कदमकाकूंचे गहू होते. मला आठवत नाही शैला. दळल्याचं आठवतच नाही."

"आठवत नाही," ती म्हणाली. "तीन आठवडे मी हिच्या मागे लागलीय. कुणाची चपाती खाल्लीस, सांग. शाळेत जाऊन बाईंना सांगितलं हिच्यावर लक्ष ठेवा. पोरं हिला चपातीचोर म्हणतात. मी मारलं हिला अप्पा. तुमच्या एका शब्दावर."

मला जे बोलायचं होतं ते शैलाशी नव्हतं. मी खाली बसलो, कार्तिकीच्या समोर.

"तू खोटं बोलली नाहीस," मी म्हणालो. "मी बोललो."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. मुलं रडतील असं आपल्याला वाटतं, ती रडली नाही.

"मी सांगितलं होतं," ती आईला म्हणाली. आणि वही उघडून लिहायला लागली.

शैला तोंडाला पदर लावून आत गेली. आतूनच म्हणाली, "तुम्ही जा अप्पा. आत्ता जा."

मी गेलो. रात्री बसवराजला फोन केला आणि गिरणी विकायला सांगितलं. तो इतक्या लवकर हो म्हणाला की त्याने गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं असावं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन हिरवीचे दोन्ही दगड काढले आणि मागे अंगणात कपडे धुवायला टाकले. नवे बसवले, पीठ पडायची कापडी सोंड नवी शिवून घेतली, आतलं सगळं ब्रशने झाडलं. विकायचीच होती तर हे सगळं कशासाठी, असं मिस्त्रीने विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी कदमकाकूंकडून कळलं की सोलापूरच्या डॉक्टरांनी पिठाचं ऐकल्यावर नळी घालायची थांबवली. आधी स्वच्छ खाऊ द्या, मग महिन्याने रक्त तपासू, म्हणाले. काकूंनी आपलं दळण दुसऱ्या गिरणीत टाकलं होतं. पेठेतल्या बऱ्याच बायकांनी टाकलं होतं.

झोप त्यानेही आली नाही. खरं बोललं की मन हलकं होऊन झोप लागते असं लोक म्हणतात. मी कडी बघत राहिलो.

दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी मी शटर ओढत होतो, एक वाजला होता, तेवढ्यात खालून कुणी तरी हात घालून शटर धरलं. शैला होती. कमरेवर ज्वारीचा डबा आणि मागे कार्तिकी, हातात शाळेचं पुस्तक.

"दगड धुतलेत का?"

"बदललेत."

ती आत आली, वाकून हिरवीच्या आत बघितलं, खाचांतून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग डबा ठेवला.

"यापुढे हिचं मी दळणार. तुम्ही हात लावायचा नाही. कसं चालवायचं तेवढं दाखवा."

मी दाखवलं. बटण, दाणे वरून किती सोडायचे, जाड-बारीक करायचं चाक, पीठ कधी गरम लागतं. हात लावायचा नाही म्हणून लांब उभा राहून बोटाने दाखवलं. मोटर सुरू झाली. तिला पहिल्यांदा दचकायला झालं, मग तिने पदर खोचला. कार्तिकी पोत्यावर चढून बसली. थोड्या वेळाने शैला माझ्याकडे न बघता बोलली, चक्कीच्या आवाजावरून ऐकू यावं म्हणून मोठ्याने.

"डोळे बघितलेत का आरशात? झोपता की नाही?"

आणि मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. आवाज चालू होता म्हणून असेल, त्या आवाजात बोललेलं अर्धं वाहून जातं. म्हणालो, नंदा गेली तेव्हा मी त्या फळ्यांच्या मागे झोपलो होतो. दुपारचे अडीच असतील. दगड रिकामा फिरल्याचं मी ऐकलं. अगं, रिकामा चाललाय, म्हणून ओरडलो. ती काही बोलली नाही. परत ओरडलो. वाटलं बाहेर कुणाशी बोलत उभी असेल. राग आला, कूस बदलली आणि डोळा लागला. किती वेळ लागला सांगता येत नाही, पाच मिनिटं, दहा मिनिटं. जळका वास आला तेव्हा उठलो. ती इथे, तू उभी आहेस तिथेच, भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले तुम्ही लगेच उठला असतात तरी काही झालं नसतं. म्हणाले ते.

शैला चाकावर हात ठेवून उभी होती. डॉक्टर बरोबरच म्हणाले असं काही ती म्हणाली नाही. देवाची मर्जी वगैरेही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "मला अजून अर्धा तास लागेल. तुम्ही पडा जरा आत."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, इथे उभे राहून माझ्या हाताकडे बघू नका, मला चुकायला होतं.

याला आता अकरा वर्षं झाली. गिरणी मी विकली नाही. बसवराज वर्षभर रागावला होता. दुपारची गिरणी पुढे शैलाच चालवायला लागली, सकाळची मी. कार्तिकी सोलापूरला नर्सिंगला आहे, तिचं पीठ डब्यात भरून एसटीने जातं. कदमकाकू पुढे परत आल्या, शेवटपर्यंत आमच्याकडेच दळण टाकायच्या आणि प्रत्येक वेळी विचारायच्या, मन्मथ, माझे गहू कुठे टाकलेस? मला अजूनही कधी कधी रात्री झोप लागत नाही. पण आठवत नाही असं काही होत नाही.

त्या दुपारी मी आडोशामागे गेलो. बाजेवर पाच महिन्यांची पिठाची धूळ होती. झटकली नाही, तसाच आडवा झालो. फळ्यांच्या पलीकडे हिरवी चालू होती, जरा अडखळत, कारण शैला दाणे कधी जास्त सोडत होती, कधी कमी. मी आढ्याकडे बघत होतो एवढं आठवतं.

मग आवाज पातळ झाला. चिरका झाला. डोळे न उघडता मी ओरडलो, "अगं, रिकामा चाललाय."

एक क्षण काही नाही. मी बाजेची कड धरली.

मग दाणे पडल्याचा आवाज आला, आणि दगडाचा आवाज भरला.

"टाकते, टाकते," पलीकडून शैला म्हणाली. "पडा तुम्ही."

"आई, अप्पा झोपेत बोलले," कार्तिकी म्हणाली.

"बोलू दे," ती म्हणाली.

त्यानंतरचं मी काही ऐकलं नाही. मला जाग आली तेव्हा दिवे लागले होते.